कुंकवाची बाजू

हसा, हसा! पण आमच्या सोसायटीचा गवत कापायचा जुना ट्रॅक्टर भंगारात जाता जाता कसा वाचला, ते चहा संपायच्या आत ऐकून घ्या.

खंडेनवमीला मी त्याची पाती काढली, घासूनपुसून कुंकू लावलं, पूजा केली आणि परत बसवली. दसऱ्याला मैदानात फिरवला, तर गवत कापायचं नाव नाही, नुसतं आडवं पडत होतं. चेअरमन गॅलरीतून म्हणाले, "वा! गवताचा भांग पाडताय. रविवारपर्यंत कापलं नाही, तर हा भंगारात."

मी बेल्ट बदलला, पुली आवळली, इंजिनसुद्धा उघडलं. शेवटी येरवड्याहून रफीकभाई मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खाली वाकून एकदाच पाहिलं.

"पाती कोणी बसवली?"

"मीच."

"उलटी आहेत. धार मागे गेलीय, बोथट कडा पुढे."

"अहो, मुद्दाम तशी बसवली. कुंकवाची बाजू खाली केली तर चिखल नाही का लागणार?"

रफीकभाई हसले नाहीत. त्यांनी पाती काढली, वर येणाऱ्या बाजूला लाल ऑइलपेंटचा एकेक ठिपका दिला आणि सुलटी बसवली. पाच मिनिटांत मैदानात स्वच्छ कापलेला पट्टा दिसला. चेअरमन गॅलरीतून आत गेले.

"रफीकभाई, ते ठिपके कशाला?"

"अजून बऱ्याच खंडेनवम्या काढेल हा. फक्त कुंकू त्या ठिपक्यावर लावा."