काजळ्याचे दुधाचे दात

माझा जन्म सिल्लोडकडचा. बापाकडं चार बैलं, मक्याचं रान, अन् घरात मी एकटी पोर, म्हणून लाडाची, अन् लाडाची म्हणून भित्री, एवढी भित्री की नाक टोचायला सोनार आला तवा मी कणसांच्या ढिगात जाऊन लपले, डोकं आत अन् पाय बाहेर, तेच धरून बापानं ओढलं. काय सांगू तुला पोरी, मेले गं मेले करून म्या सगळी आळी गोळा केली, अन् सोनार म्हणतो, अगं अजून टोचलं कुठं, नुसती कुंकवाची खूण केली. अशी मी शहाणी! मग टोचलं तवा थेंबभर रगत आलं अन् आपोआप थांबलं. ते कोण थांबवतं, हे विचारायची अक्कल मला दात पडल्यावर आली.

लगन होऊन देवगाव रंगारीला आले. मालक जाऊन लई वर्सं झाली. आता मी, माझा विलास, सून अन् हरणी गाय. हरणीचा पयला गोऱ्हा पांढराशुभ्र व्हता, वेसण घालायच्या वयाचा झाला तसं विलासनं गावातल्या जाणत्या माणसाला बोलावलं. दाभणानं नाक टोचायचं, दोरी ओवायची, हळद दाबायची, झालं. म्या गोऱ्ह्याला म्हटलं, बाबा, माझ्यासारखा बोंबलू नको, घराण्याची लाज जाईल. त्यो बोंबलला नाय. नुसता उभा राहिला, अन् नाकातून थेंब, थेंब, थेंब. हळद वाहून गेली, चिंध्या भिजल्या, अन् दुसऱ्या दिवशी गोऱ्हा गेला. लोक म्हणाले नजर लागली, कोणी म्हणालं दाभण चुकलं, त्या टोचणाऱ्यानं तर हायच खाल्ली.

मग जनावराच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आली, तरणी पोर, म्हणाली, आजी, दाभणाचा दोष नाही, एखाद्या जनावराच्या रक्तात गोठायचा गुण जन्मापासूनच नसतो, हे आईकडून येतं, आईला काही होत नाही, गोऱ्ह्यांना होतं, सगळ्यांनाच होतं असं नाही. हरणी तवा गाभण व्हती. झाला तो पुन्हा गोऱ्हाच, डोळ्याला काजळ घातल्यासारखा, म्हणून काजळ्या. बाईनं मायलेकराचं रगत दोन काचेच्या नळ्यांत घेतलं अन् आम्ही चहा प्यालो, काजळ्याच्या मानेवर सुई लागली तिथं बाई बोटं दाबूनच बसली, चहा डाव्या हातानं प्याली. हरणीचं रगत थिजलं, नळी उलटी केली तरी सांडलं नाय. काजळ्याचं पाण्यासारखं हललं. शहरात तपासायला पाठवलं, तिकडूनही तेच आलं. बाई म्हणाली, याला टोचू नका, जपा, अन् हरणीला परत फळवू नका, गाभण राहू देऊ नका.

विलास म्हणाला, आई, बिनवेसणीचा बैल औताला कसा धरायचा, नुसता खात उभा राहील. म्हटलं, लगनाच्या आधी तू काय करत व्हतास?

म्या त्याला जपलं. गव्हाणीच्या कडांना गोधडीच्या चिंध्या गुंडाळल्या, कुंपणाची काटेरी तार काढायला लावली, वेसणीच्या जागी तोंडाला बांधायला माझ्या जुन्या लुगड्याची मऊ म्होरकी वळली, शिंगाळ्या जनावरांपासून लांब बांधला. शेजारचा काशिनाथ हसायचा, काकू, बैल पाळला का जावई? म्हटलं, जावई असता तर कवाच टोचला असता. वेसण नसूनही काजळ्या माझ्या हाकेला यायचा, पदराचं टोक चघळत मागं मागं चालायचा.

दोन वर्सांचा झाला. आता बैल दोनदाती झाला की घरात आनंद असतो, दुधाचे दात पडले, पक्के आले, औताचं वय झालं म्हणतात. माझी सगळी जिंदगी बैलांची तोंडं उघडून दात बघणाऱ्या घरांत गेली पोरी, अन् हे माझ्या ध्यानात आलं नाय. काटा बघितला, तार बघितली, शिंग बघितलं, अन् दुधाचा दात राहिला. एका सकाळी तोंडाला लाल फेस दिसला. म्या हसले गं, म्हटलं, पान खाल्लंस व्हय रे? तोंड उघडलं तर पुढचा दात नाय अन् हिरडी भळभळतीय.

बाई धावत आली, तुरटी लावली, बोळे दाबले, थांबेना. म्हणाली, दुसऱ्या जनावराचं रक्त द्यावं लागेल. आम्ही एकमेकांकडं बघतोय तर काशिनाथ आपला बैल घेऊन दारात उभा, म्हणाला, घ्या बाई, लागंल तेवढं. दिलं, अन् थांबलं. सांजच्याला काजळ्यानं हिरवा घास खाल्ला. काशिनाथ म्हणाला, काकू, आता सोयरिक झाली, खरंच जावई झाला. लई हसलो आम्ही त्या दिवशी.

पण दात जोडीनं पडतात. शेजारचा हलत व्हता. म्या रोज कण्या शिजवून घालायचे अन् बोट लावून बघायचे, देवा, आज नको. पोरांचे दात पडले तवा छपरावर फेकून टाळ्या पिटल्या आम्ही, अन् इथं मी बैलाच्या एका दाताला हात जोडत व्हते. तो पडलाच. बाई आली, काशिनाथाचा बैल आला, पण तेच रगत दुसऱ्यांदा दिलं की कधी अंग नाकारतं म्हणे, ह्या वक्ती अंगानं ते घेतलंच नाय, काजळ्या थरथरायला लागला, बाईनं घाईनं बंद केलं. त्यानं माझ्या मांडीवर तोंड ठेवलं, ते परत उचललं नाय. पयला दात पडला व्हता तिथं हिरडीतून पांढरं टोक वर आलेलं दिसत व्हतं, पक्का दात, नवा. त्या दाताला ठाऊकच नव्हतं वर काय चाललंय.

हरणी आहे अजून. फळवली नाय, म्हणून दूध नाय. विलास म्हणतो, भाकड गाय किती दिवस पोसायची? म्हटलं, मी पण भाकडच आहे बाबा, आधी मला बाजार दाखव. मग उठतो अन् तिला वैरण टाकून येतो.

जा पोरी आता, उशीर झाला. घरी भाजी चिरताना बोट कापलं तर तोंडात घालशील अन् घडीत विसरशील. ते विसरणं तुला जन्मभर मिळो, अन् मुक्या जितराबालाही मिळो.