रतीबा हसत नाही

कैरोच्या सरकारी दवाखान्यात, पोलिसांत द्यायच्या दाखल्यासाठी अफाफ रांगेत उभी होती. पुढं दोन पोक्त बायका रमझानच्या मालिकेवर बोलत होत्या.

“काल फौझी रडला नि माझ्या घशाखाली इफ्तारचा घास उतरेना, बद्रिया.”

“अगं नेमात, बायकोचे दात पाडले त्यानं!”

“रागात पाडले. आईच्या हाताचा मुका घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही तो. असा माणूस वाईट असतो होय?”

“तेही खरंच. आणि ती रतीबा पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपते. कधी हसत म्हणून नाही.”

“दात पडल्यावर हसेल कशी, ते सांग की.”

“तोंडावर ओढणी धरून हसावं! माझी नाही का हयात गेली तशी?”

“ईदच्या आत मरेल बघ रतीबा. शेवटचे भाग अजून लिहितायत. लोकांना हवं तेच दाखवतात.”

“मरू दे मेली! नवऱ्याला ठाण्यात खेचणारी कुणाला आवडते?”

खिडकीतून कारकून ओरडला, “पोलिसांचा दाखला कुणाला हवाय?”

बद्रियानं मागं वळून पाहिलं. “तुला का गं, पोरी? ओठ केवढा सुजलाय!”

“नाही मावशी, जिन्यावरून पडले,” अफाफ म्हणाली, आणि तोंडावर ओढणी धरून हसली.