दोन आकड्यांचं झाकण

हॅलो?… हॅलो, कोण?

…वहिनी?

शिवणताईंनी फोन कानापासून लांब धरला आणि पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. शेजारच्या वहिनीच. वेलीवरून भांडण झालं तेव्हापासून हे नाव फोनवर वाजलं नव्हतं. पुसून टाकायचं मात्र शिवणताईंच्या हातून झालं नव्हतं. कपडे शिवणारी बाई, उसवायला तिचा हात जड.

हो, हो… मीच. बोला ना… नाही नाही, भाऊजी बरे आहेत. फोन उचलत नाहीत, कारण तो बुडाला… भाऊजी नाही हो, फोन! वाकताना खिशातून पडला, सरळ गटारात… भाऊजी इथेच आहेत. आमच्या पायरीवर. चहा पितायत… हो, आमच्याच.

अहो, ऐका ना… सांगते, सगळं सांगते.

सकाळपासून पाऊस नुसता ओततोय. अंगणातलं पाणी जागचं हलेना. आधी बागेतला वाफा बुडाला, मग कुंड्या फिरायला निघाल्या, आणि मग पाणी आईंच्या उंबऱ्याला लागलं… सासूबाईंच्या हो. खुब्याचं ऑपरेशन झालंय ना त्यांचं… तुम्हाला कुठून कळणार! त्यांना हलवायचंच नाही, असं बजावलंय डॉक्टरांनी. आणि घरात मी एकटी. कुठे नेऊ उचलून?

हो… तेच झाकण. बिडाचं.

दोन्ही घरं एकाच गवंड्याने बांधलेली. दोन्ही अंगणांचं पाणी शिवणताईंच्या फरशीखाली एका खड्ड्यात उतरायचं, तिथून मोठ्या गटारात. त्यावर ते झाकण, म्हशीसारखं बसलेलं. दोन बाजूंना दोन कड्या, आणि कड्यांत अडकवायला दोन लोखंडी आकडे. गवंड्याने एक आकडा या घरी दिला, एक त्या घरी. “एकट्याने उचलायचं झाकण नव्हे हे,” म्हणाला होता. दरसाल पावसाआधी दोन्ही घरं मिळून ते उचलायची, गाळ काढायची, मग चहा व्हायचा. अबोला धरल्यावर आकडे आपापल्या खिळ्यांना गंजत राहिले. आधी त्यांनी विचारावं, असं इकडे. आधी यांनी विचारावं, असं तिकडे.

केला की प्रयत्न! एका बाजूने दोन बोटं उचलावं, तर दुसरी बाजू आणखी रुतायची. पहार घातली, ती निसटली… नाही, बोटं शाबूत आहेत. ती गेली असती तर गल्ली उघडी हिंडली असती!… आणि तेवढ्यात फाटक वाजलं. बघते तर भाऊजी. पोटरीभर पाणी, विजार वर खोचलेली, हातात तुमचा आकडा.

मी कुठे बोलावलं हो! आई आतून ओरडत होत्या, “पाणी आलं गं, पाणी आलं.” तेवढं ऐकलं असेल त्यांनी…

आकडा अडकवला, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी सुटताना म्हणावं तसं म्हणाले, “चला!”… हो ना! निवृत्त झाले, बस सुटली, पण ड्रायव्हरकी सुटली नाही.

उचललं की. एका दमात… आत काय असणार? माझ्या चिंध्या आणि तुमच्या झाडाची पानं. गुंतून गुंतून गादी झालेली. आपण इथे तोंडं फिरवून बसलो, वहिनी, आणि आपला कचरा खाली गुण्यागोविंदाने नांदत होता.

…हसलात का?… बरं, नसाल हसलात. मला वाटलं.

काय म्हणालात?… हर्नियाचं ऑपरेशन? कधी?… अगं बाई. वजन उचलायचं नाही?… वहिनी, शपथ सांगते, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी…

तर काय? आत म्हातारी अंथरुणात, दारात पाणी. ठाऊक असतं तरी शिवणताईंनी दुसरा आकडा नको म्हटलं असतं का? शिवणताईंनी गळ्यातला ओला टेप मुठीत आवळला आणि पायरीकडे धाव घेतली.

भाऊजी! पोटात दुखतंय का?… नाही म्हणतायत… हो, ते नाहीच म्हणणार… खोकायला सांगू? बरं. भाऊजी, उभे राहा. तिथे हात धरा आणि खोका… मी नाही, वहिनी म्हणतायत!… ऐकू आलं?… आणखी मोठ्यांदा?… आता मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू गेलं असेल. हाताला काही लागत नाही म्हणतायत… चेहरा? नेहमीसारखाच. म्हणजे रागावलेला.

तरी मी नेते दवाखान्यात. पाऊस ओसरला की लगेच. पाय आपटले तरी नेते… हो, कळवते. डॉक्टर बोलले की तिथूनच कळवते.

वहिनी… एक सांगू? पाणी भोवरा करून खाली उतरायला लागलं ना, उंबऱ्यापासून मागे मागे सरकलं, तशी मी आईंच्या दारात बसले आणि रडले. आमची म्हातारी कोरडी राहिली ती तुमच्या माणसामुळे. स्वतःचं पोट शिवलेलं, आणि आले. न बोलावता आले. हे उपकार मी… नाही, म्हणू द्या. एकदा म्हणू द्या ना मला.

पलीकडून काहीतरी बारीक वाजलं, मांजराच्या पिल्लासारखं.

हॅलो?… वहिनी, हे काय वाजतंय? कोण रडतंय?… लेकीला?… मुलगी! कधी झाली?… म्हणून तिच्याकडे गेलायत होय!… आणि भाऊजी, तुम्ही नात झाली तरी मुके बसलात? चहा पिऊन संपवलात!… लाजतायत हो. लाजतायत.

थांबा, थांबा, ठेवू नका. आईंना ऐकवते… आई, शेजारच्या लेकीला मुलगी झाली. हा घ्या, कानाला लावा… वहिनी, फोन बाळाजवळ धरा.

भांडणात सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा होता. आता त्याच आवाजाला म्हातारीने मऊ केलं, सुती कापड धुऊन धुऊन होतं तसं. डोळे मिटले आणि उशीवरूनच म्हणाली:

भिंतीला भिंत माझी, पाण्याला वाट एक
शेजीबाई तुझी नात, माझ्याही दारची लेक

पुन्हा म्हणाली. पुन्हा. पलीकडचं रडणं अडखळलं, हुंदक्यावर आलं, आणि थांबलं. शिवणताईंनी फोन अलगद परत घेतला.

…झोपली?… हो, हळू बोलते… बोला ना…

भाऊजींना मीठ कमी… हो… वांगं नाही, अंगाला खाज येते. बरं… रात्री दूध, साय काढून… मागून घेत नाहीत? मग मी वाढत जाईन, तेच नको म्हणेपर्यंत… तुम्ही येईपर्यंत त्यांचं जेवण इथेच. दोन्ही वेळ… छे हो, त्रास कसला…

तुम्ही कसले आभार मानता, वहिनी? ते तर माझं… बरं, बरं. नाही म्हणत… ठेवू?… ठेवते हं.

आणि शिवणताईंनी फोन म्हातारीच्या उशीशी इतक्या हळूच ठेवला, की बाळ जणू याच खोलीत निजलं होतं.