मोठ्या बाईंना अजून कळलेलं नाही

"हॅलो?… हॅलो, मोठ्या बाई?… मी बोलतेय, माहिती कक्षातून… अहो मीच, तुमची सातवी 'ब' वाली… हो, तीच, खडूचे हात कपड्यांनाच पुसणारी. बाई, आधी माझं ऐका. एक सूचना वाचून दाखवायचीय, दोन मिनिटांचं काम. 'राज्यातील सर्व मुख्याध्यापकांना याद्वारे कळविण्यात येते की'… काय?… हो, जेवले. डबा आणला होता… भाजीचं नंतर सांगते, बाई. 'कळविण्यात येते की'… अहो, ऐका ना!"

तिने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. समोरच्या भिंतीवर राज्याचा नकाशा होता आणि नकाशावर शाळांचे ठिपके. मुख्याध्यापकाला कळवलं की त्याच्या शाळेचा ठिपका हिरवा होई. आज सगळा नकाशा हिरवागार होता. फक्त खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका राहिला होता, नाकावरच्या पुटकुळीसारखा. ती मोठ्या बाईंची शाळा. याच शाळेत ती पहिल्यांदा शिक्षिका म्हणून लागली होती आणि वर्गापुढे ताठ उभं राहून वाचायचं कसं, ते याच बाईंनी तिला शिकवलं होतं. आता ती खात्यात कंत्राटावर होती आणि राज्यभरचे मुख्याध्यापक तिला निरोपताई म्हणत.

"नाही, रागावले नाहीये. पण तुम्ही संदेश उघडत नाही, परवा फोन केला तर रजेवर, काल केला तर मैदानावर… बाई, मैदानावर तुम्ही काय करत होता, या वयात?… बरं, बरं. 'याद्वारे कळविण्यात येते की, एकछत्र प्रणाली'… हो, माहितीय. ती दहावीची अकरा मुलं. माहितीय मला… दोन शाळांत नाव दिसतं म्हणून नवी सिस्टिम त्यांना दोन्हीकडून उडवते, हो… त्यांचे आईवडील बांधकामावर, काम हललं की बिऱ्हाड हललं, तेही माहितीय. तुमच्या तक्रारी माझ्याकडेच येतात ना… हो, 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं उत्तर मीच पाठवलं. सगळ्यांना तेच जातं."

कळवणं म्हणजे काय, ते इथे सांगितलेलं बरं. 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' ही मुख्याध्यापकांची जुनी बोंब. म्हणून खात्याने नियम केला, विद्यार्थ्यांच्या नोंदींची नवी प्रणाली येताना प्रत्येकाला कळवायचं. नियम चांगलाच होता. पण चांगल्या नियमाची वाट कशी लावायची हे खात्याला आईच्या पोटातूनच येतं. कोणी संदेश उघडला नाही तर सूचना फोनवर वाचायची, शेवटच्या शब्दापर्यंत. पलीकडून 'ऐकलं' असं आलं की त्या शाळेची जुनी प्रणाली तिथल्या तिथे बंद. मग ज्या मुलांची नावं नव्या प्रणालीत पोचलीच नाहीत, ती मुख्याध्यापकाच्या माथी. छत्री खात्याची, भिजायचं मुख्याध्यापकाने. आणि फोन तीनदा आपटला तर मुख्याध्यापकच बदलायचा. नव्या माणसाला कळवायचं.

"दुरुस्तीचं पान अजून तयार होतंय, बाई… कधी होईल ते मला कोण सांगतंय? मी कळवणारी. मला कोणी कळवत नाही… हसू नका. 'एकछत्र प्रणाली कार्यान्वित होताच'… आता काय?… छताचा पत्रा? कुठल्या वर्गाचा?… बाई, खरंच, पत्र्याचं मला काय सांगता, मी काय पत्रेवाली आहे?"

शेजारच्या सभागृहात मंत्री येऊन बसले होते. त्यांच्यासमोर लाल मखमलीवर एक बटण ठेवलं होतं. नकाशा पूर्ण हिरवा झाल्याशिवाय ते बटण पेटणार नव्हतं, तशीच जोडणी केली होती कोणा हुशार माणसाने. साहेब दर थोड्या वेळाने दारातून डोकावत होते. तिच्या कंत्राटावर पुढच्या वर्षाची सही व्हायची होती, आणि सही साहेबांची होती.

"बाई, माझ्यावर दया करा. तुम्ही एकट्याच राहिलात. सगळं राज्य एकीकडे आणि तुम्ही… नाही, धमकी नाही देत. मी तुम्हाला धमकी देईन? माझी छाती आहे तेवढी?… वाचते. मध्ये बोलू नका. 'जुनी प्रणाली कायमची बंद होईल. जुन्या प्रणालीतील ज्या विद्यार्थ्यांच्या'… गाडी? कोणाची गाडी?… मुलाने गाडी घेतली. अभिनंदन. बाई, तुम्ही मुद्दाम—"

ती थांबली. बाईंच्या आवाजामागून एक आवाज येत होता. खर्रर्र, खट्. खर्रर्र, खट्. तो तिने ओळखला. शाळेच्या कचेरीतला तो प्रिंटर. कागद वाकडा ओढायचा. बाजूचं झाकण अंगठ्याने दाबून धरल्याशिवाय एक पान सरळ बाहेर टाकायचा नाही. तिने स्वतः कित्येक दुपारी ते झाकण दाबून धरलं होतं.

"बाई… मागे तो आवाज कसला?"

दहावीच्या परीक्षेचे अर्ज आज सकाळी उघडले होते. ज्यांची शाळा नव्या प्रणालीत गेली, त्यांनी नव्यातून अर्ज काढायचे. ज्या शाळेची जुनी प्रणाली चालू असेल तिला जुन्यातून काढता येत होते. अर्ज छापून त्यावर शिक्का पडला की परीक्षा मंडळ तो कागद घेत होतं. आणि राज्यात जुनी प्रणाली अजून एकाच शाळेत चालू होती, कारण एकाच बाईंना अजून काही कळलेलं नव्हतं.

"थांबा! काही सांगू नका. हा फोन रेकॉर्ड होतो, बाई. मी काही विचारलंच नाही… हो. हो, समजलं… बरं, ते सोडा. तुमचा गुडघा कसा आहे?… अहो, गुडघा. मगाशी म्हणालात ना, गोळ्या चालू आहेत… हां. आता आलं ना लक्षात? किती गोळ्या राहिल्या?… सहा. अजून सहा! आणि एक गोळी घ्यायला किती वेळ लागतो तुम्हाला?… जुनं शरीर आहे, बाई, जोर नका करू. एकेक घ्या. मी आहे लाईनवर."

बाई गप्पा मारत नव्हत्या, दारात आडव्या पडल्या होत्या. आणि ती मात्र इतका वेळ त्यांना ढकलून आत शिरायला बघत होती.

"तर मुलाने गाडी घेतली… रंग कोणता?… करडा? करडा का बाई, चांगला लाल घ्यायचा… पेट्रोल किती खाते?… हो ना, हल्ली सगळंच महाग. आणि सूनबाई काय म्हणतात?… काय सांगता! तुम्हाला मागे बसवतात? पुढे कोण, विहीणबाई?… हा तर अन्याय आहे!"

दार वाजलं. साहेब आत आले आणि सरळ तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्या अत्तराचा वास तिच्या मानेवर येऊन बसला. साहेबांना पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"हो साहेब, लाईनवरच आहेत… वाचतेच आहे… वयस्कर आहेत, साहेब. ऐकायला कमी येतं."

शेवटच्या बाकावरची कुजबूज बाई फळ्याकडे तोंड करून पकडायच्या. ही थाप रेकॉर्ड झाली, हे तिला कळलं. होऊ दे म्हणाली मनाशी.

"बाई! मोठ्याने बोलते! ऐकू येतंय का?… नाही? अजून मोठ्याने?… साहेब इथेच उभे आहेत, बाई! माझ्या मागे! हो, ते स्वतः!… 'राज्यातील'… राज्यातील, बाई. रा-ज्या… 'सर्व मुख्याध्यापकांना'… सर्व. म्हणजे सगळ्या. तुम्हालाही… 'याद्वारे'… साहेब, 'याद्वारे' म्हणजे काय असं विचारताहेत… म्हणजे या सूचनेने, बाई. या… सू… चनेने."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"साहेब, नियमातच आहे ना, 'ऐकणाऱ्यास समजेल अशा आवाजात व गतीत वाचावे'. तुमच्याच सहीचं परिपत्रक आहे. मधला शब्द राहिला आणि उद्या त्यांनी नाही कळलं म्हटलं तर?… हो, मंत्री बसलेत, मला माहितीय… बाई, गोळ्या घेतल्या का? किती राहिल्या?… साहेब, गुडघ्याच्या गोळ्या. वेळेवर घ्याव्या लागतात, नाहीतर चक्कर येते, मग कोणाला कळवणार आपण?… दोन? दोन राहिल्या. छान."

साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. त्या बोटाखाली सूचनेची शेवटची ओळ होती. ती वाचण्यावाचून तिच्यापुढे आता दुसरं काही उरलं नव्हतं.

"'एकछत्र प्रणाली कार्यान्वित होताच जुनी प्रणाली कायमची बंद होईल.' एवढं ऐकलंत?… 'जुन्या प्रणालीतील ज्या विद्यार्थ्यांच्या नोंदी नव्या प्रणालीत'… काय झालं?… अडकली? शेवटची?… बाई, घाबरू नका. ओढू नका! जोर लावून ओढलं की फाटतं… घसा, साहेब. घसा फाटतो… ऐका, त्या बाटलीचं बाजूचं झाकण आहे ना, ते अंगठ्याने दाबून धरा. तुम्ही नाही, कारकूनभाऊंना सांगा, त्यांचा अंगठा जाड आहे… हो. दाबलं? आता हळूच."

साहेब वाकून रिसीव्हरकडे बघू लागले. त्यांनी हात पुढे केला. तिने रिसीव्हर कानाला इतका घट्ट दाबला की कान दुखला.

"'…नव्या प्रणालीत आलेल्या नाहीत,'… बाई?… बाई, काहीतरी बोला… 'त्यांची जबाबदारी ही सूचना'… बाई!"

खर्रर्र. मग बराच वेळ काहीच नाही. मग खट्.

"…गेली? गिळली?… आणि शिक्का?… म्हणजे पाणी, पाणी प्यायलात का वरून?… बरं झालं. बरं झालं, बाई… नाही, रडत नाहीये, सर्दी झालीय. आता शेवटचं वाचते हं, नीट ऐका. 'त्यांची जबाबदारी ही सूचना ऐकल्याच्या क्षणापासून संबंधित मुख्याध्यापकांची राहील.' पूर्णविराम. ऐकलं ना, बाई?… म्हणा तसं… हां."

ती मान मागे वळवून म्हणाली, "ऐकलं, साहेब."

साहेबांनी स्वतःच्या हाताने कळ दाबली. कोपऱ्यातला लाल ठिपका हिरवा झाला. साहेब जवळजवळ पळतच सभागृहाकडे गेले आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट आला. लग्नात नवरा आल्यासारखा.

"ऐकू आलं? टाळ्या आहेत. तुमच्यासाठीच वाजवताहेत असं समजा… हो. अकराच्या अकरा? शिक्क्यासकट?… बाई, तुम्ही म्हणजे ना… माझं काय, बघू. रेकॉर्डिंग कोण ऐकतंय एवढं. ऐकलं तर ऐकलं. घरी बसेन, तुमच्याकडे येऊन झाकण दाबेन… हो… हो… काय म्हणालात?"

ती खुर्चीत सरळ बसली.

"बाकीच्या शाळांची?… बाकीच्या शाळांतही असतील ना, बाई. बांधकामं काय तुमच्याच गावात चालतात?… नाही. त्यांची जुनी प्रणाली कधीच बंद झाली… त्यांचे ठिपके हिरवे आहेत… हो. मीच वाचून दाखवलं. बहुतेकांना मीच… नाही, ते नाही मध्ये बोलले. कामात होते, बिचारे. 'ऐकलं' म्हणाले आणि ठेवला फोन… दोन मिनिटांत, हो. एकही शब्द न अडखळता… स्पष्ट वाचते ना मी, बाई. तुम्हीच शिकवलंत."

तिने नकाशाकडे पाहिलं.

"बाई?… आहात ना?… मला ठाऊक नव्हतं, बाई. म्हणजे ओळ ठाऊक होती. रोज वाचत होते. पण… हॅलो?… हॅलो? बाई?"

फोन ठेवला गेला होता. तिने रिसीव्हर कानालाच धरून ठेवला. खाली ठेवला की तो वाजणार, हे तिला माहीत होतं. नकाशा डोळ्यांत खुपेल इतका हिरवा होता. सभागृहात कोणीतरी भाषण सुरू केलं होतं, त्यातले 'एकही मूल' एवढेच शब्द भिंतीतून इकडे आले. शेवटी हात अवघडला म्हणून तिने रिसीव्हर ठेवला.

तो वाजला.

"हॅलो?… नमस्कार सर, माहिती कक्ष… हो, निरोपताईच… सकाळपासून अर्ज काढताय. बरं… नावं दिसत नाहीत. किती मुलं?… बांधकामावरची आहेत का, सर?… जुन्यातून नाही निघणार. तुमच्याकडची जुनी बंद झाली… दुरुस्तीचं पान तयार होतंय… परीक्षेचं मला समजतंय, सर… ओरडा तुम्ही, ओरडा, मी ऐकतेय… कोणी सांगितलं नाही असं कसं म्हणता?"

तिने डोळे मिटले.

"तुम्हाला कळवलं होतं, सर. मीच."