इश्वरभाऊच्या कांड्या

कौशल्याबाई : गोठ्यावरचा बोरू उपसून घ्या म्हटलं ना, भाऊजी. सारं छप्पर बोरूचंच हाय.

भैय्यालाल : पाहिला, वहिनी. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सालचं छप्पर ते. बोटात धरलं का भुगा होते. त्यातून सनईच्या तोंडची पत्ती निघत नाई.

कौशल्याबाई : मंग तलावावर जा.

भैय्यालाल : तलाव खोल केला तवाच जेसीबीनं मुळासकट नेला. आता चटईले मिळत नाई, लेकरायच्या पिपाणीले मिळत नाई. अन् हिरवा भेटला तरी काय? दोन-चार वर्षं सावलीत वाळल्याबिगर बोलत नाई तो.

कौशल्याबाई : बाजारची घ्या.

भैय्यालाल : आणली नागपूरहून. चिरकते. उद्या सप्ताह बसून राहिला. महाराज कीर्तनाले उभे राहाच्या आधी सनई पाह्यजे. कमिटीवाले म्हणतात, जमत नसन तर राहू द्या, भोंग्यावर पेनड्राईव्ह लावतो. एकदा लावला का मंग मले कोण बोलावते?

कौशल्याबाई : म्हणून माह्या दारी.

भैय्यालाल : साऱ्या सानगडी गावात मागावर प्लास्टिकच्या कांड्या आल्या. इश्वरभाऊ मातर शेवटपर्यंत बोरूच्या कांडीवरच सूत भरे.

कौशल्याबाई : हायेत. सात हायेत. सातीवर सूत हाय. रात्री भरून ठेवलं अन् हे म्हणे, सकाळी मागाच्या धोट्यात घालीन. सकाळी उठलेच नाई. माग इकला मी, कांड्या नाई देल्या.

भैय्यालाल : मले एकच पाह्यजे.

कौशल्याबाई : सूत उकलल्यावर कांडी वापस देता?

भैय्यालाल : खोटं कायले बोलू? कापा लागते. एक टोक भिजवून चपटं करा लागते. मंग ते कांडी राहत नाई.

कौशल्याबाई : बसा.

(आतून पत्र्याचा डबा आणते.)

भैय्यालाल : कोणती घेऊ?

कौशल्याबाई : तुमी नका घेऊ. सुताचं हे टोक धरा, हातावर गुंडाळा. ओढू नका.

भैय्यालाल : सैल भरलं इश्वरभाऊनं.

कौशल्याबाई : हात थरथरे त्यायचा. मी भरून देईन म्हटलं, तर आयकलं नाई. झालं?

भैय्यालाल : झालं. वहिनी, हे पाहा. चिरली हाय कांडी. त्यायनं दोरा बांधून चालवली. यातून हवा जाईन.

कौशल्याबाई : मले कधी सांगितलं नाई.

भैय्यालाल : राहू द्या. लावू द्या त्यायले पेनड्राईव्ह. मी दुसरी मागत नाई.

कौशल्याबाई : मागू नका. ह्या दुसरीचं टोक धरा.

भैय्यालाल : वहिनी—

कौशल्याबाई : धरा म्हटलं ना. गुंता होऊन राहिला.

भैय्यालाल : हे बरी हाय. सरळ. चीर नाई, कीड नाई.

कौशल्याबाई : बोलन?

भैय्यालाल : बोलन. तुमी याल ना उद्या?

कौशल्याबाई : बायांच्या बाजूले बसेन, खांबाजवळ. वाजवतानी माह्याकडे पाहू नका, भाऊजी.