दर्याकडचा सांधा

मॅन्युएल : परत रुळावरून पडली गाडी! कवाचा सांगतोय टॅनिया, सांध्याला ही काठी लाव. मी गोठ्यामागं बसतो, गाडी आली की ढकलतो.

टॅनिया : नाही म्हणजे नाही, पप्पा! ख्रिसमसच्या गोठ्यामागे तुझं डोकं आणि हातात काठी? सगळं उत्तन गाव हसेल.

मॅन्युएल : फादर गोठ्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकांना घेऊन आता येतील. गाडी तिसऱ्यांदा गायीवर पडली. ती गाय मातीची हाय, पळणार न्हाय.

टॅनिया : मागच्या वर्षी आपल्या वॉरेनदादाने नुसते बल्ब लावले तर केवढं कौतुक! यंदा मी अख्खी रेल्वे टाकलीय, तरी येईल तो विचारतो, "वॉरेन कुठंय?" आज बटण दाबलं की गाडी गोठ्यासमोरून जाणार. हात न लावता!

मॅन्युएल : मग बिघडतंय कुठं, ते तरी सांग.

टॅनिया : हे दोन सांधे बघ. पहिला गाडीला मोठ्या रुळावरून गोठ्याच्या रुळावर घेतो, दुसरा तिला परत मोठ्या रुळावर सोडतो. बटण एकच. दाबलं की दोन्ही एकाच बाजूला सरकायला हवेत. पहिल्यावरून झक्कास जाते, दुसऱ्यावर धपकन पडते.

मॅन्युएल : वायर सुटली असंल.

टॅनिया : बघते ना. मी टेबलाखाली शिरतेय, इथून बटण दाबते. सांधे कुठे सरकतात ते तू वरून सांग. हं!

मॅन्युएल : पयला दर्याकडं.

टॅनिया : डावीकडे की उजवीकडे, ते सांग ना!

मॅन्युएल : तुझ्या डावीकडं का माझ्या? होडीत असं बोललो असतो तर जाळी गळ्यात आली असती. पयला दर्याकडं, दुसरा चर्चकडं.

टॅनिया : थांब. थांब थांब थांब!

मॅन्युएल : काय, शॉक बसला?

टॅनिया : पाच व्होल्टचा कसला शॉक! पप्पा, पहिला सांधा सरकवणाऱ्या मोटरचे डाव्या-उजव्याचे आकडे मी वर बसून प्रोग्रॅममध्ये भरले. दुसरीचे इथे, खाली पाठीवर पडून. मला जे डावं दिसलं, ते वरून उजवं!

मॅन्युएल : म्हणजे आता सगळ्या वायरी उपटणार?

टॅनिया : एकही नाही! दुसऱ्या मोटरचे दोन आकडे अदलाबदल, बस. आणि डावा-उजवा पुसून टाकते. आता प्रोग्रॅममध्ये पण 'दर्या' आणि 'चर्च'. लॅपटॉप सरकव इकडे.

मॅन्युएल : पोरी, फादरांची स्कूटर नाक्यावर दिसतेय.

टॅनिया : दिसू दे. प्रोग्रॅम चढतोय... चढला. बटण तू दाब.

मॅन्युएल : मी? मासळी साफ करून आलोय, हाताला वास हाय.

टॅनिया : बटणाला नाक नाहीये, पप्पा!

मॅन्युएल : दाबलं. आयला, दोन्ही दर्याकडं!

टॅनिया : गाडी सोडते. गायीकडे बघू नकोस, मला टेन्शन येतं.

मॅन्युएल : वळली. गोठ्याफुडं आली... मेंढरांफुडून...

टॅनिया : श्शू! दुसरा सांधा बाकी आहे.

मॅन्युएल : आली त्याच्यावर...

टॅनिया : गेली! पप्पा, गेली!

मॅन्युएल : गेली. गाय पण हुबी हाय.

टॅनिया : मग ती काठी फेक ना आता!

मॅन्युएल : फेकू कशाला? ती चांदणी दे हिकडं. काठीच्या टोकाला बांधून गोठ्यावर हुबी करतो.