हात पसरायची गोष्ट

आई : हे बघ, जन्मात कुणापुढे हात पसरले नाहीत मी. आणि आता तुझ्या त्या मोबाइलपुढे पसरू?

लेक : अगं आई, मागायला नाही पसरायचे! नुसतं उभं राहायचं. इथे, खिडकीपाशी, उजेडात. मान सरळ, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूला. मी तुझ्याभोवती फिरून फोटो घेते, त्यावरून आमच्या गेमसाठी तुझी बाहुली बनवायची. संपलं.

बाबा : म्हणजे बुजगावण्यासारखं.

आई : तुम्ही आपली भाजी चिरा.

लेक : बाबा म्हणतात ते बरोबर आहे पण. आम्ही त्याला टी पोझ म्हणतो, टी अक्षरासारखी. व्हिडिओ गेममधला प्रत्येक बाहुला आधी तसाच उभा असतो. राजा असो नाहीतर चोर. मग आम्ही त्याच्यात हाडं बसवतो आणि तो चालायला लागतो.

आई : माझी हाडं डॉक्टरांना धड बसवता आली नाहीत, तिथे तू काय बसवणार!

बाबा : उगाच डॉक्टरांना नावं ठेवू नकोस. हाड जुळलंय, सांधा मोकळा आहे, असंच म्हणाले ना ते? आत भीती बसलीय तेवढी.

आई : भीती? मला? ट्रॅफिक पोलीस आहे मी, भर चौकात ट्रक अडवलेत!

बाबा : ट्रक अडवलेस आणि एका स्कूटरने तुला उडवलं. तेव्हापासून उजवा हात कमरेच्या वर नेत नाहीस. वेणीसुद्धा लेकीकडून घालून घेतेस.

आई : दुखतो हो.

बाबा : दुखत असेल, नाही कुठे म्हणतो. पण उद्याच्या तपासणीत हात खांद्यापर्यंत गेला नाही, तर तुझा चौक गेला. मग बस आवक-जावकच्या टेबलावर पाकिटं चिकटवत, रिटायर होईपर्यंत.

आई : टेबलाला काय झालं? सावली असते, डोक्यावर पंखा असतो.

बाबा : सगळं असतं. तूच नसशील तिथे.

लेक : बाबा, पुरे ना. आई, तू त्रास नको करून घेऊस. हात अर्धवट खाली सोड, उतरत्या छपरासारखे. आम्हाला तेही चालतं.

आई : असे?

लेक : डावा मस्त. उजवा... अजून जरासा? बरं, राहू दे. राहू दे गं. मी डाव्याचेच फोटो घेते. कॉम्प्युटरवर तोच उलटा करून उजवीकडे लावायचा. सगळे तसंच करतात. माणूस अर्धाच बनवायचा, उरलेला आरशातला.

आई : म्हणजे उजवा हात माझा नाहीच?

लेक : कुणाला कळणार आहे?

आई : मला कळेल! अगं, बस थांबते ती या हाताने. शाळा सुटली की पोरं रस्ता ओलांडतात ती या हाताच्या भरवशावर. आणि तू तिथे डाव्याची नक्कल डकवणार?

लेक : बरं बाई, चुकलं माझं.

आई : आणि ही तुझी बाहुली करणार काय त्या खेळात?

लेक : चौकात उभी राहून गाड्या अडवणार. खरं सांगू? सध्या तिथे एक आहे, पण ती सारखी बिघडते. हालचाल तिच्यापर्यंत पोचतच नाही. मग ती नुसती हात पसरून उभी, आणि गाड्या तिच्या अंगातून आरपार! ऑफिसात सगळे पोट धरून हसतात.

आई : हसतात?

लेक : दिसतंच तसं गं. आमच्यात हात पसरून उभं राहिलं म्हणजे काम बंद पडलं.

आई : आणि आमच्यात हात पसरून उभं राहिलं म्हणजे काम सुरू झालं! हसतात म्हणे. आरपार जातात म्हणे. जाऊन दाखवा म्हणावं! अहो, शिट्टी कुठाय?

बाबा : कुकरची?

आई : माझी!

बाबा : ही काय, माझ्या खिशात.

आई : तुमच्या खिशात कशाला?

बाबा : परवा तू कचऱ्याच्या डब्यात टाकलीस ना. काढली, धुतली, ठेवली. म्हटलं, मागेल कधीतरी.

आई : ...काय माणूस आहे! आणा इकडे. आणि तू गं, तयार राहा. एकदाच करीन.

लेक : आई, जोर नको लावूस हं. हळूहळू...

(लांब, कडक शिट्टी.)

लेक : बाबा!

बाबा : बघतोय.

लेक : बाबा, रेषेत आहे! अगदी खांद्याच्या रेषेत! तळवा खाली हवा होता, तिने उभा केलाय.

बाबा : असू दे उभा! आणि रडतेस काय अशी? आधी फोटो काढ, मग रड!

लेक : काढते, काढते. तुम्ही तरी कुठे हसताय? आई, हलू नकोस. दुखतंय? मानेने सांग. ...हो म्हणतेय. मग खाली घेतेस? ...नाही म्हणतेय!

बाबा : ती कसली घेते आता! शाब्बास गं माझी वाघीण! उद्या त्या डॉक्टरांनाच दारात अडवून ठेव.

लेक : आता काखेतला एक... आता पाठीमागून... बाबा, जरा सरका ना, तुमची सावली पडतेय.

बाबा : सरकलो. अरे बापरे! अगं, खाली रस्त्यावर बघ.

लेक : काय झालं?

बाबा : सायकलवाला थांबलाय. एक पाय टेकून वर आपल्या खिडकीकडे बघतोय. त्याच्यामागे टेम्पो, टेम्पोमागे रिक्षा. एकजणही हॉर्न वाजवायला धजत नाहीये!

लेक : झालं! आई, सगळं मिळालं. उजवा हात अस्सल तुझाच, नक्कल नाही. घे, आता खाली घे हात.

आई : थांब. आधी त्यांना सोडते.